चूलबंद आवतन

माणूस गेला की त्याच्याविषयी गोड बोलायची रीत आहे. मला ती जमत नाही. बार्शीकर मला आवडत नव्हता, त्यालाही मी आवडत नव्हते, आणि आमच्या गल्लीत तो आवडणारं एकही माणूस नव्हतं. तोंडावर त्याला अहो-जाहो करावंच लागे, इथं लिहिताना तरी नको. एवढं असून चिटगुप्प्याची ती गल्ली आठवायला बसले की माझ्या सासऱ्यांच्याही आधी तोच डोळ्यांपुढं येतो. याचा मला रागच येतो.

मी मंठाळची. लग्न होऊन चिटगुप्प्याला आले तेव्हा आमच्या घरासमोर त्याचं दुकान नुकतंच लागलं होतं. खरं नाव बाबूराव वाळके, पण ते नाव गावात कुणी घेतलं नाही. बार्शी इंग्रजी मुलखात आणि आमची मोगलाई, निजामाचं राज्य. दोन्हींच्या मधे हद्द, हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका, इकडचा पैसा वेगळा, कचेरीची भाषा वेगळी. गावाच्या लेखी तो विलायतेहून आल्यासारखाच होता. भावांशी भांडून, बायको आणि लहानगी पोर बैलगाडीत घालून तो आला होता, आणि पुन्हा उंबरा चढणार नाही असं तिकडं सांगून आला होता. गावाला त्याची एवढीच माहिती. जास्त कुणी विचारली नाही.

दुकान किरकोळ मालाचं. फण्या, आरसे, सुया, दोऱ्याच्या रिळा, साबण, कुंकवाच्या डब्या, कंदिलाच्या काचा. माल चांगला असे, हे कबूल केलं पाहिजे. तो स्वतः मात्र बघवत नसे. उंच, हाडकुळा, काळी टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, आणि गिऱ्हाईक आलं की याला इथं कुणी बोलावलं अशी नजर. आमच्या माणसांना दुकानात उकिडवं बसून दोन गोष्टी बोलायची सवय. त्यानं दुकानापुढचा कट्टा इतका अरुंद बांधून घेतला की तिथं कोंबडीसुद्धा नीट बसली नसती.

आणि भाव एकच. आमच्याकडं भाव करायचा म्हणजे निव्वळ कमीजास्त करणं नव्हतं. त्या निमित्तानं माहेरचं विचारायचं, सुनेची तक्रार सांगायची, पाऊसपाण्याचं बोलायचं, मग कुठं वस्तू पदरात पडायची. माझ्या सासूबाईंना सगळी गल्ली अव्वा म्हणे. त्या पहिल्यांदा त्याच्याकडं फणी घ्यायला गेल्या, त्यानं भाव सांगितला आणि तोंड फिरवलं. अव्वांनी निम्मा भाव सांगून बसकण मारली. त्यानं त्यांच्या हातातली फणी काढून घेतली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि डब्यात टाकली.

"आमच्या बार्शीला असली घासाघीस न्हाय," तो म्हणाला.

"मग बार्शीलाच बसायचं की. इकडं कामून आलास?" अव्वा म्हणाल्या.

अव्वांनी ती फणी नंतर मला पाठवून घेतली, त्यानं सांगितलेल्याच भावानं. पण तो दिवस त्या शेवटपर्यंत विसरल्या नाहीत.

'आमच्या बार्शीला' हे त्याचं पालुपद. बार्शीची ज्वारी टपोरी, बार्शीचं पाणी गोड, बार्शीचे न्हावीसुद्धा हलक्या हाताचे. आमच्या बोलण्यात मराठी, कानडी आणि दखनी मिसळलेली असते, त्यावरून तो एकदा म्हणाला, "तुमची भाषा म्हंजे तीन घरची भाजी एका पातेल्यात." हे त्यानं पिंपळाच्या पारावर, भर लोकांत म्हटलं. संध्याकाळी पारावर जाऊन बसायचा त्याचा नेम होता. कुणी बोलावत नसे, कुणी सरकून जागा देत नसे, तरी तो जायचा, कडेला बसायचा. तो बसला की बाकीचे मराठी सोडून कानडीत बोलायला लागत. हे बरेच महिने चाललं. मग एका संध्याकाळी त्यानं मधेच कानडीत उत्तर दिलं. अक्षर न् अक्षर तासल्यासारखं, भाजीवालीकडून बायकोनं आणि बायकोकडून यानं शिकलेलं. त्या दिवसापासून तो आला की सगळा पारच गप्प बसू लागला. भाषा शिकून त्यानं मिळवलं ते एवढंच.

मी हे आमच्या माळवदावरून, धाब्याच्या सपाट छपरावरून बघायची. त्याची कीव यावी असं काही त्यात मला दिसत नसे. ज्याला तुमचं पाणी खारट लागतं त्यानं तुमच्या पारावर कशाला यावं?

आता आवतनाचं सांगायला हवं. आमच्या भागात लग्नाचं आवतन दोन तऱ्हेचं. एक घरटी एक, म्हणजे त्या घरातल्या एकानंच जेवायला यायचं. दुसरं चूलबंद. ज्या घराला चूलबंद आवतन, त्या घरातल्या तान्ह्या लेकरापासून आजारी म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी मांडवात जेवायचं आणि त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. चूलबंद म्हणजे तुम्ही आमचे. घरटी एक म्हणजे ओळख आहे, बस. चूलबंद आवतन घेऊन चूल पेटवणं म्हणजे तोंडावर थुंकणं, हे आमच्यात पोरंसोरंही जाणतात.

माझ्या नणंदेच्या लग्नात बार्शीकराला घरटी एक होतं. हलगीवाल्यानं दारात उभं राहून नुसतं "जेवायला या" म्हटलं, आणि बार्शीत बहुधा तेवढ्यावर सगळं घर येत असावं. तो बायकोला, पोरीला घेऊन आला. पोरीचं नाव सोना, सात-आठ वर्षांची असेल, नवं परकर-पोलकं घालून आली होती. तो पुरुषांच्या पंगतीत बसला, या दोघी बायकांच्या. पानं वाढली, पहिला घास उचलला, तेवढ्यात अव्वा बायकोपुढं येऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आवतन एकाचं होतं, बाई."

सोनाच्या हातात घास तसाच होता. पलीकडच्या पंगतीतून बार्शीकर उठला. मला वाटलं आता हा तमाशा करणार. त्यानं बायकोला शांतपणे सांगितलं, "पोरीला घे, घरी जा." त्या गेल्या. आणि हा परत जाऊन आपल्या पानावर बसला. एकाचं आवतन होतं ना, मग एक जेवणार. हुग्गी मागून मागून घेतली. वाढपी लाजले, पण तो लाजला नाही. आमच्या घरची गव्हाची, गुळाची हुग्गी त्या दिवशी कुणी एवढ्या रागानं खाल्ली नसेल.

त्यानंतर संक्रांतीला मी आणि माझी थोरली जाऊ कुंकवाच्या डब्या घ्यायला त्याच्या दुकानात गेलो. त्यानं एक डबी काढून जावेपुढं ठेवली.

"आणिक एक द्या," मी म्हटलं.

"न्हाय. घरटी एक."

"कामून? आमी फुकट मागायलोय व्हय?"

"तुमच्याच घरची रीत हाय, सूनबाई," तो म्हणाला. "मला लई आवडली ती."

आणि ते त्यानं पाळलं. आमच्या घरी एका वेळी एकच वस्तू, एकाच माणसाला. वर्षानुवर्षं. मला सुई हवी असली आणि जाऊ सकाळी दोरा घेऊन गेली असली तर मला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागे. दुसरं तसलं दुकान गावात नव्हतं. आमच्या घरातल्या बायकांनी त्याला किती शिव्या घातल्या असतील त्याला हिशेब नाही. अप्पा, म्हणजे माझे सासरे, गल्लीतले वडीलधारे. त्यांनी मनात आणलं असतं तर एका शब्दात दुकान उठवता आलं असतं. ते फक्त म्हणायचे, "डोक्यात कीड हाय त्याच्या." आणि दुसऱ्या विषयाकडं वळायचे.

सोना लग्नाची झाली. बार्शीकडं जायची वाट त्यानंच बंद केलेली, आणि गावातलं कुणी करून घेईना. हद्दीपल्याडच्या माणसाचं कूळ कुणाला ठाऊक? शेवटी आळंदचं स्थळ आलं, तुरीचे व्यापारी, बरं घर. मुलगी त्यांना पसंत पडली. पण नवऱ्या मुलाच्या बापानं एक अट घातली, आणि ती गावभर झाली, कारण ती त्यानं पारावरच सांगितली. "माणूस परका हाय, त्याचं काई न्हाई. पण गावानं वाळीत टाकलेल्या घरची पोर आमी करत न्हाई. मांडवात गाव दिसलं पायजे. न्हाई दिसलं तर गाड्या वेशीतनंच माघारी फिरतील."

म्हणजे पोरीचं लग्न आमच्या गल्लीच्या हातात आलं. हे त्यालाही कळलं आणि गल्लीलाही.

तो आवतनाला निघाला. पुढं हलगी, मागं तो, त्याच्या मागं बायको हळदीकुंकवाचं ताट घेऊन. लिंगायत घरांसाठी त्यानं त्यांच्यातलाच आचारी वेगळा ठरवला होता, तेही दारोदार सांगत होता. आमच्या दारात आला. टोपी त्या दिवशी थोडी वर सरकवलेली होती. बायकोनं उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं. तो अप्पांना म्हणाला, "चूलबंद हाय. एक मानूस मागं ऱ्हाता कामा न्हाय." विनंतीचा आवाज त्याला माहीतच नव्हता, हुकूम सोडल्यासारखं बोलला. पण अप्पांनी सुपारी घेईपर्यंत त्यानं पुढं केलेला हात मागं घेतला नाही, ते मी दाराआडून पाहिलं.

"येऊ की," अप्पा म्हणाले.

तो गेल्यावर अव्वा बोलल्या, "माज्या मांडवात बसून हुग्गी ओरपली त्यानं. मी जात न्हाई." अप्पा सुपारी खिशात टाकून बाहेर निघून गेले. गल्लीतल्या दर दुसऱ्या घरात असलंच काहीतरी बोलणं झालं असणार. कुणाला त्यानं तराजूवरून बोललेलं, कुणाच्या जनावराला काठी मारलेली. कट वगैरे कुणी केला नाही. तशी गरजच नव्हती.

लग्नाच्या दिवशी सकाळी अव्वा म्हणाल्या, "चूल पेटव गं." मी पेटवली. सासूचा हुकूम होता म्हणून पेटवली असं म्हणून मी सुटणार नाही. मलाही पेटवायची होती. माळवदावर जळणाच्या तुराट्या आणायला गेले तर सगळ्या गल्लीवर धूर होता. प्रत्येक धाब्याच्या धुराड्यातून. आणि पलीकडं बार्शीकराच्या दारात तोरण, पाण्यानं भरलेले रांजण, उलट्या रचलेल्या पत्रावळी, आणि मांडवात चिटपाखरू नाही. बायको दारात उभी राहून तो धूर बघत होती. तो दिसत नव्हता.

आळंदच्या गाड्या वेशीत आल्या आणि थांबल्या. व्याही म्हातारा, मुरलेला. त्याला धूर बघून काय समजायचं ते समजलं असणार. थोड्या वेळानं बार्शीकर त्याला घेऊन गल्लीत शिरला आणि सरळ आमच्या दारात आला. आजूबाजूची माणसं ओट्यांवर आली. अप्पा सोप्यात बसले होते ते उठून दारात गेले.

बार्शीकर मोठ्यानं म्हणाला, "माझे व्याही इचारत्यात, लगीनघरच्या गल्लीत धूर कशाचा? मी सांगितलं, ह्या गल्लीला मी आवतनच दिलं न्हाय. माझ्या मांडवात बसायच्या लायकीचं एक घर न्हाय हितं. ह्यांचा इश्वास बसंना. तुमी वडीलधारे, तुमी सांगा. दिलतं का मी आवतन?"

एवढं सपाट खोटं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आणि ते बोलताना तो अप्पांकडं असा बघत होता की जणू अप्पांनीच त्याचं काही चोरलं आहे. सगळी गल्ली ऐकत होती. अप्पा 'दिलं होतं' म्हणाले असते तर गाड्या फिरल्या असत्या, आणि हळद लागलेल्या पोरीचं पुढं काय होतं ते सांगायला नको. 'नव्हतं' म्हणाले असते तर आळंदच्या माणसादेखत आम्ही सगळे नालायक ठरणार होतो. अव्वा माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

उंबऱ्यावर कुणी पाय दिला तर अप्पा घर डोक्यावर घ्यायचे. त्या दिवशी त्यांनी स्वतः उंबऱ्यावर पाय ठेवला. आवतनाचं हळदकुंकू अजून तिथं होतं, बरोबर त्यावर.

"न्हाई," ते म्हणाले. "आमाला आवतन न्हवतं."

व्याही त्यांच्याकडं बघत राहिला. "अख्ख्या गल्लीत एकालाबी न्हाई? पोरीच्या घराण्यात काई खोट हाय का? खरं सांगा."

"पोर सोन्यासारखी हाय. माय बिचारी गाय हाय," अप्पा म्हणाले. "ह्यो मात्र असला भांडखोर, असला तिरपागडा माणूस मोगलाईत दुसरा न्हाई. धा-बारा वर्सं झाली, आमचं तोंड बघितलं की ह्याच्या कपाळाला आठी पडतीय. ह्यानं बोलावलं असतं तरी कोण गेलं असतं?"

यातला शब्द न् शब्द मनापासून होता, म्हणूनच तो खरा वाटला. व्याही हसला. "असलं व्हय. वाळीत टाकल्यालं न्हाई तर. मग आमचं काई म्हणणं न्हाई." गाड्या आत आल्या. लग्न लागलं, वाजंत्री वाजली, मांडवात आळंदचीच माणसं. आमच्या गल्लीसाठी शिजवलेली हुग्गी बार्शीकरानं गाडीवानांना, हलगीवाल्यांना, दर्ग्याजवळच्या फकिरांना पोट फुटेस्तोवर वाढली. आमच्याकडं तिचा वास दिवसभर येत होता आणि आम्ही भाकरी-वरण खात होतो. अप्पा म्हणाले वरणात मीठ कमी आहे. कमी नव्हतं.

त्यानं आभार मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला रीळ देताना तोच चेहरा, तीच घरटी एक. गल्ली अप्पांवरही चिडली, सगळ्यांचं नाक कापून दिलं म्हणून. अप्पा कुणाशी वाद घालत बसले नाहीत. पण माझ्या धाकट्या दिराचं लग्न निघालं तेव्हा ते स्वतः, हलगीवाल्याला न पाठवता, रस्ता ओलांडून बार्शीकराच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "चूलबंद हाय. सगळे या." चिटगुप्प्यात त्याला मिळालेलं ते पहिलं चूलबंद आवतन. अव्वा दोन दिवस अप्पांशी बोलल्या नाहीत. बार्शीकर काय म्हणाला ते अप्पांनी कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी रझाकारांची धामधूम सुरू झाली. आम्ही हद्द ओलांडून सोलापूरकडं पाहुण्यांकडं गेलो, आणि तिथं आम्हाला 'मोगलाईतले' म्हणू लागले. शांत झाल्यावर परत आलो तेव्हा बार्शीकराच्या दुकानात दुसराच माणूस गूळ विकत होता. बार्शीकर पोरीकडं आळंदला गेला असं कुणी म्हणतात, कुणी वाटेतच वारला म्हणतात. मला ठाऊक नाही. म्हणून दिराच्या लग्नाचा दिवस हाच त्याला बघितल्याचा माझा शेवटचा दिवस.

त्या दिवशी सकाळी मांडवात गाव लोटलं होतं आणि गल्लीत एकाच धाब्यावर धूर होता. त्याच्या. सगळ्यांनी पाहिला. अव्वा अप्पांना म्हणाल्या, "बघा, बघा तुमच्या चूलबंदवाल्याला." अप्पा ओट्यावर उभे राहून तो धूर बघत राहिले, आणि मग मला म्हणाले, "पानं मांडलीत म्हणून सांगून ये, बाळ. रीत हाय." मला जायचं नव्हतं. पण गेले, मनात चार शब्द तयार ठेवून.

दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या. मी परसातून आत गेले. बायको आळंदला सोनाच्या बाळंतपणाला गेलेली. तो एकटाच चुलीपुढं बसला होता. नवं धोतर, अंगात इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी, मांडवात जायला निघालेल्या माणसासारखा तयार. तुराट्या मोडून मोडून चुलीत घालत होता. चुलीवर काही नव्हतं. तवा भिंतीला टांगलेला, पिठाच्या डब्यावर झाकण, ताट-वाटी कोरडी. नुसता जाळ आणि धूर.

"काका, पानं मांडलीत," मी म्हटलं.

"धूर दिसतोय न्हवं तिकडनं?" माझ्याकडं न बघता तो म्हणाला.

"दिसायलाय."

"मग झालं." आणि त्यानं आणखी एक तुराटी मोडली. डोळे धुरानं लाल झाले होते, निदान मी तरी धुरानंच म्हणेन.

मनात तयार ठेवलेले शब्द मी बोलले नाही. उठा, असंही म्हणाले नाही. तो उठला नसता, आणि मी म्हटल्यावर तर मुळीच नाही. गल्लीनं धूर बघावा एवढंच त्याला हवं होतं, चूल रिकामी आहे हे कुणाला कळायला नको होतं. मला त्याचा संताप आला होता, आणि रडूही येत होतं.

मांडवात परतले तेव्हा अव्वांच्या भोवती बायका जमल्या होत्या, काय निरोप येतो ते ऐकायला. अप्पा पंगतीच्या टोकाला माझ्याकडं बघत उभे होते.

"ते जेवायला बसलेत," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "पोटभर स्वैपाक केलाय त्यांनी."